घरातला वारसा कर



२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अकोल्याचे मतदान २६ एप्रिलला होते. त्याच्या दोनच दिवस आधी सॅम पित्रोदा यांच्या एका विधानाने देशभर वादळ उठवले. अमेरिकेत धनिक माणूस वारला की त्याच्या संपत्तीतले सुमारे ५५ टक्के सरकार घेते आणि ४५ टक्के मुलांना मिळतात, असा दाखला देऊन आपल्याकडेही अशा प्रश्नांवर चर्चा व्हावी, असे ते म्हणाले. त्यांच्या पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत ठरवले, विरोधकांनी सभा गाजवल्या आणि जठारपेठेतल्या चहाच्या दुकानापर्यंत तो विषय येऊन पोहोचला. ‘बापानं घाम गायून कमावलं, त्याच्यावर टॅक्स भरला, अन् मेल्यावर सरकारले काहून द्यायचं?’ हा सवाल त्या दिवसांत मी निरनिराळ्या धर्मांच्या, निरनिराळ्या पक्षांच्या माणसांकडून ऐकला. २३ जुलै २०२४ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात असा कर नव्हता. तरीही अर्थसंकल्पाचे दिवस आले की तो प्रश्न पुन्हा निघतो, आणि मशिदीतून बाहेर पडताना कोणी ना कोणी विचारतो, ‘मौलाना, आपला दीन यावर काय म्हणतो?’

या प्रश्नाला मी बरेच दिवस घाईघाईने उत्तर देत आलो. आता जरा थांबून देण्याचा प्रयत्न करतो, कारण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो सरकारला विचारायचा नसून आपल्याला स्वतःला विचारायचा आहे.

प्रथम वाद समजून घेऊ. कराच्या बाजूने बोलणारे म्हणतात की जन्म कोणत्या घरात व्हावा हे कोणाच्या हातात नसते. एकाला कोट्यवधींची इस्टेट मिळते, दुसऱ्याला बापाचे कर्ज मिळते, आणि दोघांनीही त्यासाठी काहीच केलेले नसते. न कमावलेल्या संपत्तीवर कर घेण्यात अन्याय कसला? विरोधात बोलणारे म्हणतात की कमावणाऱ्याने हयातीत कर भरलेला असतो, त्याने पोटाला चिमटा काढून साठवले ते मुलांसाठी, आणि मरणाच्या दारात उभे राहून वसुली करणे हे माणुसकीला धरून नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच हा वाद जगात कुठेच पूर्ण मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांवरील इस्टेटीला साधारणपणे ४० टक्के कर आहे, जपानमध्ये कमाल दर ५५ टक्के आहे. अमेरिकेत केंद्रीय कराचा कमाल दर ४० टक्के आहे आणि २०२४ मध्ये १ कोटी ३६ लाख १० हजार डॉलरपर्यंतच्या इस्टेटीला तो लागूच नव्हता. म्हणजे तिथेही सामान्य माणसाच्या घराला हा कर शिवत नाही.

आपल्याला हा कर नवा नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर कर लावणारा कायदा देशात लागू झाला. संपत्ती मूठभर घरांत साचू नये, हा त्याचा एक हेतू. पुढे त्याचा कमाल दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. पण १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला, तेव्हा त्याचे वार्षिक उत्पन्न जेमतेम २० कोटी रुपयांच्या आसपास होते आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त होता. दर ८५ टक्के आणि हाती २० कोटी, हे कसे? कारण मरणाआधीच मालमत्ता इकडची तिकडे होत असे. जे कायद्याने मागितले होते ते कागदाने चुकवले जात असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता आपल्या दीनची भूमिका. वर सांगितलेल्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. एक म्हणतो संपत्ती बापाची, म्हणून मुलाची. दुसरा म्हणतो संपत्ती समाजाच्या आधाराने उभी राहिली, म्हणून समाजाची. कुरआन या वादाच्या मुळाशी जातो. सूरह हदीदच्या सातव्या आयतीत माणसाला त्याच्या हातातल्या मालाचा मालक न म्हणता त्याचा सांभाळ सोपवलेला प्रतिनिधी म्हटले आहे. मालक अल्लाह आहे. माणूस मेला की त्याच्याकडची अमानत मूळ मालकाकडे परत जाते आणि मालक स्वतः तिची वाटणी करतो. म्हणूनच सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडिलांनी व जवळच्या नातलगांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, माल थोडा असो वा फार, तो वाटा ठरवून दिलेला आहे, असे बजावले आहे. वारसाहक्क म्हणजे बापाची बक्षिसी नव्हे आणि भावाची मेहेरबानी तर नव्हेच नव्हे. मृताच्या इच्छेलाही येथे मर्यादा आहे. आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज (पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच), मग फार तर एक तृतीयांशापर्यंत वसीयत, आणि उरलेल्याची वाटणी अल्लाहच्या हिशेबाने. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारपणात जवळजवळ सगळा माल दान करू पाहत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. दुसऱ्या बाजूने, ज्याला वारसा मिळणारच आहे त्याच्यासाठी वेगळी वसीयत नाही, हेही प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. लाडक्या मुलाच्या नावे जास्त लिहून ठेवण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, हा उद्देश सूरह हश्रच्या सातव्या आयतीत स्वच्छ शब्दांत आला आहे. थोरल्या मुलाला सगळी इस्टेट देण्याची जी रीत इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत शतकानुशतके होती, ती येथे संभवत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर माल फुटतो आणि आई, बाप, पत्नी, मुलगे, मुली यांच्यात वाटला जातो. संपत्तीचे ढिगारे फोडण्याचे जे काम कर करू पाहतो, ते येथे इबादतीचा भाग म्हणून घरातच व्हायचे आहे.

मग सरकारने कर लावला तर? जकातीखेरीज राज्य श्रीमंतांकडून आणखी काही घेऊ शकते का, यावर आपल्या फुकहांनी विचार केला आहे. इमाम गझाली आणि इमाम शातिबी यांनी तिजोरी रिकामी असेल व गरज खरी असेल तर न्यायाने आकारणी करण्यास वाव दिला. इब्न हज्म यांनी तर जकात पुरेशी ठरत नसेल तर गरिबांच्या अन्न, वस्त्र, निवाऱ्यासाठी श्रीमंतांवर सक्ती करता येईल असे मत मांडले. अटी मात्र कडक आहेत. गरज खरी हवी, ओझे ऐपतीप्रमाणे हवे आणि पैसा योग्य ठिकाणी खर्च व्हायला हवा. म्हणून असा कर मुळातच हराम आहे, असे मी म्हणणार नाही, आणि असाच कर हवा, असेही म्हणणार नाही. त्याची मर्यादा किती, दर किती, पैसा कुठे जाणार, हे पाहून नागरिक म्हणून प्रत्येकाने मत द्यावे. या प्रश्नावर दोन प्रामाणिक मुसलमान दोन बाजूंना असू शकतात.

पण एक उत्तर मला मान्य नाही, आणि तेच आपल्यात जास्त ऐकू येते. ते असे की, ‘आमच्याकडे फराइज आहे, आमची वाटणी अल्लाहने करून दिली आहे, आम्हाला हा कर कशाला?’ वाक्य खरे आहे. पण ते बोलण्याचा अधिकार कोणाला आहे? उदाहरण दुसऱ्याचे देण्यापेक्षा घरचेच देतो.

माझ्या आजोबांची अकोला जिल्ह्यात आठ एकर कोरडवाहू जमीन होती, कपाशीची आणि तुरीची. ते वारले तेव्हा मागे आजी, एक मुलगा (माझे अब्बा) आणि दोन मुली (माझ्या दोन्ही फुफी) होत्या. शरीअतचा हिशेब अगदी सोपा आहे. आजीला आठवा हिस्सा, म्हणजे १ एकर. उरलेल्या ७ एकरांचे चार भाग, मुलाला दोन, मुलींना एकेक. म्हणजे अब्बांना ३ एकर २० गुंठे आणि दोन्ही फुफींना प्रत्येकी १ एकर ३० गुंठे. प्रत्यक्षात काय झाले? काही महिन्यांत हक्कसोड झाली आणि सातबाऱ्यावर आठही एकर अब्बांच्या एकट्याच्या नावावर आली.

आता टक्केवारी काढा. जे साडेचार एकर दुसऱ्यांचे होते ते एकाकडे गेले, म्हणजे ५६ टक्के. ज्या ५५ टक्क्यांच्या नुसत्या उल्लेखाने २०२४ च्या एप्रिलमध्ये देश हादरला, त्याहून अधिक. आणि ज्यांचे गेले त्यांच्या बाजूने पाहाल तर शंभर टक्के. दिल्लीचा सर्वांत कडक दरही ८५ होता.

सरकारच्या करात निदान सूट असते, दर लिहिलेला असतो, अपील करता येते आणि वसुलीतून एखादा रस्ता, एखादा दवाखाना होतो. अमेरिका कोटी डॉलरवाल्याला सूट देते. आपल्या घरातला हा कर विधवा बहिणीच्या पावणेदोन एकरांनाही सूट देत नाही. राज्याने घेतले तर जुलूम आणि भावाने घेतले तर रीत, हा न्याय कुठला?

अब्बा वाईट माणूस नव्हते. पाच वेळचे नमाजी, बहिणींवर जीव टाकणारे. ईदला साडी, बाळंतपणाला माहेर, भाच्यांच्या लग्नात आहेर, कशातच त्यांनी कसर ठेवली नाही. म्हणूनच हे सांगतो आहे. हा गुन्हा बहुतेक वेळा वाईट माणसे करत नाहीत. चांगली माणसे करतात आणि त्यांना तो गुन्हा वाटत नाही. ‘लग्नात दिले ना’, ‘ईदला देतोच की’, ‘तिला काय कमी आहे’, ‘तिने स्वखुशीने सही केली’, ही चार वाक्ये पुरतात. पण लग्नातला खर्च हयातीतली भेट होती, तिने वारसा संपत नाही. ईदची साडी सद्वर्तन आहे, तिने कर्ज फिटत नाही. तिला काय कमी आहे हा प्रश्न वाटणीत येतच नाही, कारण सातव्या आयतीत थोडे वा फार म्हटले आहे, गरजू वा सुखी असे म्हटलेले नाही.

राहिली स्वखुशीची सही. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ‘मआरिफुल कुरआन’मध्ये या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. मिळणार तर काहीच नाही, मग भावाशी वाकडे कशाला घ्या, या विचाराने बहिणी नाइलाजाने माफ करतात. अशी माफी शरीअतमध्ये माफी नव्हे आणि भावांवरचा हक्क तसाच शिल्लक राहतो. खरी राजीखुशी ओळखायची असेल तर आधी तिचा वाटा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्या. दोन हंगाम तिला त्याचे पीक घेऊ द्या. मग तिला परत द्यावेसे वाटले तर ती भेट. मय्यतीच्या घरात, डोळे सुजलेले असताना, चार नातलगांसमोर पुढे केलेल्या कागदावरच्या सहीला राजीखुशी म्हणायला जीभ धजावू नये.

मागे म्हटले होते ना, की १९८५ आधी लोक कागदाने कर चुकवत? आपलेही तेच. तिथे माणूस सरकारचा हिस्सा चुकवत होता, येथे अल्लाहने ठरवलेला हिस्सा चुकवतो. सरकार फसले तर कायदा रद्द करते. अल्लाहचा कायदा रद्द होत नाही. वाटणीच्या आयतींच्या लगेच पुढे, तेराव्या आणि चौदाव्या आयतीत, या अल्लाहने आखलेल्या सीमा आहेत आणि त्या ओलांडणाऱ्यासाठी आग आहे, असा इशारा दिलेला आहे. आणि सूरह फज्रमध्ये वारशाचा माल आपला-परका न पाहता गिळून टाकणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे.

कोणी म्हणेल, हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नाही. खरे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलार्जित संपत्तीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी शेजारच्या घरातही हक्कसोडीचा कागद तयार होतोच. पण शेजाऱ्याच्या चुकीने आपली चूक हलकी होत नाही. आपल्या बाबतीत तर ती जास्त जड आहे, कारण आपल्याला हा हुकूम चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला. १९३७ च्या शरीअत कायद्यामागेही हीच तक्रार होती की, रूढीच्या नावाखाली मुस्लिम स्त्रियांचे हक्क बुडवले जात आहेत. त्या कायद्याने शेतजमिनीच्या वारशाचा प्रश्न वगळला. कोर्टातली त्याची गुंतागुंत वकील सांगतील. कुरआनने मात्र शेतजमीन वगळलेली नाही.

आणि मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, असा आक्षेप घेणाऱ्यांना आपण व्यासपीठांवरून तत्परतेने उत्तर देतो, पुरुषावरच्या खर्चाच्या जबाबदाऱ्या मोजून दाखवतो. ते उत्तर द्यायला हरकत नाही. पण ते देण्याआधी त्या निम्म्याचा हिशेब आपल्या घरात झाला आहे का? निम्मेही न देणाऱ्याच्या तोंडी ते उत्तर शोभत नाही.

उहुदमध्ये शहीद झालेले हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली होती. मुलींच्या चाचाने सगळा माल ताब्यात घेतला होता. वाटणीच्या आयती अवतरल्या आणि प्रेषितांनी (स.) त्या चाचाला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझे. चोविसातले पाच भाग त्याच्याकडे उरले. कालपर्यंत चोवीसच्या चोवीस त्याचे होते. या उम्मतमध्ये वारशाचा कायदा आला तो एका विधवेच्या तक्रारीवर, हे आपण विसरतो.

मदरशात ‘सिराजी’ शिकताना मी वहीत शेकडो काल्पनिक मय्यतींचे वाटे काढले. घरच्या मय्यतीचा वाटा काढावा, असे मला एकदाही सुचले नाही. माझ्या बी.ए.ची फी, पुस्तके, एसटीचा पास ज्या कापसाच्या पैशांतून आला, त्यात दोन्ही फुफींचा वाटा होता. अब्बांच्या निधनानंतर त्यांच्या मालाची यादी करायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा पेन थांबला. आजीच्या १ एकराची तिच्या मुलांत पुन्हा वाटणी धरली, तर प्रत्येक फुफीचे २ एकर होत होते. म्हणजे आठातले चारच अब्बांचे होते. बाकीचे चार त्यांच्यावरचे कर्ज होते आणि कर्ज फेडल्याशिवाय आम्हा मुलांना वाटणी करताच येत नव्हती.

थोरल्या फुफी तोवर अल्लाहला प्यारी झाल्या होत्या, त्यांचा हक्क त्यांच्या मुलांकडे गेला. धाकट्या फुफींकडे आम्ही सगळे गेलो. इतक्या वर्षांच्या पिकाचेही बोललो. ते त्यांनी माफ केले, जमीन मात्र घेतली. जमिनीबद्दल त्यांनी काही विचारले नाही. ‘भाईवरचं ओझं उतरलं ना?’ एवढेच विचारले. पहिल्या वर्षीच्या मक्त्यातून त्यांनी घराचे गळके पत्रे बदलले. ते पत्रे किती पावसाळे गळत होते, हे आम्ही तोवर कधी विचारलेच नव्हते.

म्हणून, बंधूंनो, वारसा कराच्या वादात जरूर बोला. पण त्याआधी सातबारा आणि घराचा उतारा काढा. त्यावर कोणाची नावे असायला हवी होती आणि कोणाची नाहीत, ते पाहा. वारसनोंदीच्या अर्जात प्रत्येक वारसाचे नाव लिहा. हिशेब जुना असेल तर जाणत्या मुफ्तींकडून करून घ्या. आणि भगिनींनो, हक्क मागणे म्हणजे लोभ नव्हे आणि माहेर तोडणेही नव्हे. जो हक्क अल्लाहने नाव घेऊन दिला, तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. तुम्ही मागितल्याने भाऊ आखिरतच्या हिशेबातून सुटत असेल, तर ते त्याच्यावर तुमचे उपकारच आहेत.

सरकार उद्या कर लावील किंवा लावणार नाही. घरातला हा कर उठवणे मात्र कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही. अल्लाह आपणा सर्वांना हक्कदारांचे हक्क या जगातच अदा करण्याची तौफीक देवो आणि आपल्या मयत आई-वडिलांवर कोणाचे ओझे राहिले असेल तर ते उतरवण्याची हिंमत आम्हा वारसांना देवो. आमीन.